मराठी अक्षर नेमकं कुठे तुटतं?

मालवण-कणकवलीकडे कोणी हौसेने मालवणी शब्दांची मोठ्ठी फाईल बनवतो, प्रोग्रामने वाचायला घेतो आणि मधेच अक्षराच्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. लगेच सगळे म्हणणार, मराठीला कंप्युटरचा सपोर्टच नाही. हे साफ चुकीचं आहे. कोणी व्हायरस म्हणतं, कोणी जास्तीची रॅम घ्यायला लावतं, दसऱ्याला पीसीची पूजा राहिली म्हणणारेही भेटतात, पण कारण साध्या गणितात आहे.

होडीतली मासळी जशी टोपली टोपलीने उतरवतात तशी मोठी फाईल तुकड्यातुकड्याने वाचतात, म्हणजे कितीही जीबीची असली तरी मेमरीत एका वेळी एकच तुकडा. हा तुकडा बऱ्याचदा 4096 बाईटचा (बाईट म्हणजे 0 ते 255 मधला एक आकडा, फाईल अशाच आकड्यांची बनते). आता खरी गंमत बघा. केन थॉम्पसन आणि रॉब पाईक या प्रोग्रामरनी 1992 मधे बनवलेल्या यूटीएफ-8 मधे, म्हणजे अक्षरं बाईटमधे लिहायच्या पद्धतीत, इंग्रजी अक्षराला 1 बाईट लागतो, देवनागरीला 3. आणि 4096 ला 3 ने भागलं तर 1365 अक्षरं होऊन 1 बाईट उरतो! तुकडा 8192 चा करा नाहीतर 65536 चा, 2 च्या कुठल्याच घाताला 3 ने पूर्ण भाग जात नाही. मधे 1 बाईटच्या स्पेस आल्या की तुटायची जागा सरकते, कधी नशिबाने बरोबर अक्षराच्या कडेला येते, बऱ्याचदा येत नाही.

पण यूटीएफ-8 ची रचना इतकी सुंदर आहे की तुटलेलं अक्षर ओळखता येतं. देवनागरी अक्षराचा पहिला बाईट कायम 224, दुसरा 164 किंवा 165, तिसरा 128 ते 191 मधला. बिटमधे, म्हणजे बाईटच्या आतल्या 0 आणि 1 मधे, बघितलं तर पहिला 1110 ने सुरू होतो, म्हणजे "आम्ही तिघं आहोत", आणि मागचे दोन्ही 10 ने. तुकड्याच्या शेवटी 224 आला आणि मागचे दोघं पूर्ण आले नाहीत, तर ते एकदोन बाईट बाजूला ठेवायचे आणि पुढच्या तुकड्याच्या आधी जोडायचे, बास. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत कोडेक्स मॉड्यूलमधला इन्क्रिमेंटल डिकोडर (तुकड्यातुकड्याने बाईटची अक्षरं करणारा) हेच करतो, आणि फाईल यूटीएफ-8 सांगून टेक्स्ट मोडमधे, म्हणजे बाईटऐवजी थेट अक्षरं वाचायला, उघडली तर पायथॉन आपणहून करतो.

तरी टेक्स्ट मोडमधेही जपा. "रत्नागिरी" म्हणजे युनिकोडचे, म्हणजे अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीतले, 9 कोड (अक्षर, काना-वेलांटी, हलन्त सगळ्यांचा वेगळा), 27 बाईट. 4-4 कोड वाचले तर आधी "रत्न" येतं आणि पुढचा तुकडा नुसत्या कान्याने सुरू होतो. परत जोडलं तर काही बिघडत नाही, पण शब्द मोजायचे असतील तर एका रत्नागिरीचे तीन शब्द होतात. म्हणून शब्दांच्या यादीला सरळ ओळीओळीने वाचा, मेमरी तशीही एका ओळीपुरतीच लागते.