‘गाडी अजून लांब आहे’ असं डोळा सांगतो तेव्हा

ऊसतोड सुरू झाली की उगार, रायबाग, घटप्रभा या पट्ट्यात रेल्वे गेटांवर ट्रॅक्टरांची रांग लागते. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लावायचा असतो, खेपेवर पैसे असतात, आणि नेमकी गेटच्या दांड्यापाशी आल्यावर गेट पडायची घंटा वाजते. चालक मान वळवून रुळांकडे बघतो. लांबवर बोटाच्या पेराएवढं इंजिन दिसतं. ‘लई लांब हाय’ म्हणत तो ट्रॅक्टर पुढे काढतो. बेळगावात टिळकवाडीच्या गेटवर दुचाकी तिरकी करून दांड्याखालून काढणाराही मनात हाच हिशेब करतो. हा हिशेब चुकतो, आणि मुरलेल्या चालकाचाही चुकतो, कारण चूक डोळ्यातच आहे.

समोरून येणारी वस्तू किती वेगात आहे, हे आपण ती किती भराभर मोठी होते यावरून ताडतो. इंजिनाचं तोंड सुमारे 3 मीटर रुंद असतं. 350 मीटरवरून ते पुनवेच्या चंद्राएवढं रुंद दिसतं, 700 मीटरवरून त्याच्या निम्मं. ताशी 100 किलोमीटर वेगाच्या गाडीला मधलं अंतर कापायला साडेबारा सेकंद लागतात. एवढ्या वेळात अर्ध्या चंद्राचा एक चंद्र होतो, म्हणजे डोळ्याच्या लेखी जवळजवळ काहीच घडत नाही. पण 50 मीटरवर तेच तोंड सात चंद्रांएवढं होतं, आणि तेव्हा हातात दोन सेकंदही उरलेले नसतात.

त्यात आणखी एक फसगत आहे. मोठी वस्तू तेवढ्याच वेगाच्या लहान वस्तूपेक्षा हळू चालल्यासारखी भासते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्शेल लायबोविट्झ यांनी 1985 मध्ये रेल्वे गेटांवरच्या अपघातांचा विचार करताना हे मांडलं होतं. बेळगावच्या सांबरा विमानतळावर उतरणारं विमान हवेत रेंगाळल्यासारखं वाटतं, तोच हा प्रकार. मोटारसायकलीचा अंदाज रोज बरोबर येतो, म्हणून आपण त्याच भरवशावर रेल्वेचा अंदाज बांधतो.

आता डबल ट्रॉलीचं गणित मांडू. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून लांबी साधारण 17 मीटर. दांड्यापासून पहिला रूळ 5 मीटर धरा, दुहेरी मार्गाचे रूळ ओलांडायला 7 आणि मागची ट्रॉली सुरक्षित बाहेर निघायला आणखी 3. एकूण 32 मीटर. भरल्या ट्रॉल्या ओढत लो गिअरमध्ये ट्रॅक्टर सेकंदाला जेमतेम सव्वा मीटर सरकतो. म्हणजे 26 सेकंद, तेही गिअर न अडखळता. गेटच्या अलीकडे 600 मीटरवर रुळाकडेला ‘सी/फा’ अशी पाटी असते: सीटी, फाटक. लोको पायलट, म्हणजे इंजिनाचा चालक, तिथून हॉर्न वाजवू लागतो. तो आवाज गेटपर्यंत पोहोचायला पावणेदोन सेकंद लागतात आणि त्यानंतर 20 सेकंदांत इंजिन गेटवर असतं. हॉर्न ऐकून निघालेली डबल ट्रॉली रूळ ओलांडूच शकत नाही. मागची ट्रॉली रुळावरच सापडते.

लोको पायलट ब्रेक लावेल, हा भरवसा धरू नये. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरतं; डांबरावर रबरी टायर जसा पकड घेतो तशी पकड तिथे मिळत नाही, आणि दव किंवा पाऊस असेल तर ती आणखी कमी होते. आणीबाणीचा ब्रेक लावल्यावरही 100 च्या वेगातली गाडी थांबायला पाऊण ते एक किलोमीटर जातो. स्टिअरिंग तर नाहीच.

गेट इतकं आधी का पाडतात, याची चिडचिड सगळ्यांचीच होते. इंटरलॉक असलेल्या गेटवर दांडे खाली येऊन कुलूप बसल्याशिवाय गाडीचा सिग्नल हिरवा होत नाही. लोको पायलटला तो थांबण्याच्या अंतराच्याही अलीकडे हिरवा मिळायला हवा, म्हणून गाडी कित्येक किलोमीटर लांब असतानाच गेट पडतं. एखाद्या ट्रॅक्टरने पडलेला दांडा मोडला तर सिग्नल पुन्हा लाल होईलही, पण इंजिन तोवर सिग्नल ओलांडून आलेलं असेल तर त्या लाल दिव्याचा काही उपयोग नाही. ब्रॉडगेज मार्गावरची मानवरहित गेटं जानेवारी 2019 अखेर बंद झाली. आता उरलेला धोका बराचसा पडलेल्या गेटातून घुसण्याचा आहे. 1989 च्या रेल्वे कायद्यातल्या कलम 160 नुसार बंद गेट उघडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत आणि मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दुहेरी मार्गावर एक गाडी गेली की दुचाकीवाले लगेच निघतात. जाणाऱ्या गाडीचे डबे पलीकडचा मार्ग झाकून टाकतात आणि दुसरीचा आवाज पहिलीच्या खडखडाटात बुडतो. दांडा वर गेला नसेल तर दुसरी गाडी येतेय असंच धरावं.

गेटात शिरण्याआधी पलीकडे 17 मीटर जागा मोकळी दिसली पाहिजे. पुढच्या वाहनाच्या मागोमाग शिरलात तर मागची ट्रॉली रुळावर राहते. गिअर दांड्याच्या अलीकडेच टाका. रुळावर गिअर बदलताना इंजिन बंद पडतं. दोन ट्रॉल्यांमधली हुकाची पिन आणि तिची क्लिप शेतातून निघतानाच बघा, रुळांच्या उंचवट्यावर झटका बसतो तेव्हा झिजलेली पिन तिथेच तुटते.

तरीही अडकलात तर ट्रॉलीवरचे सगळे आधी खाली उतरा आणि जॅक शोधत बसू नका. एकाने गेटमनकडे पळावं. स्टेशन मास्तरला फोन करणं आणि सिग्नल लाल करवणं त्याच्या हातात आहे. गेटमनला गाडी येणाऱ्या दिशेला जाऊन 600 मीटरवर एक आणि 1200 मीटरवर तीन फटाके (चाकाखाली फुटून लोको पायलटला सावध करणारे) रुळाला बांधायचे असतात. एवढं पळायला त्याला पाच-सहा मिनिटं लागतात. गाडी तेच 1200 मीटर 43 सेकंदांत कापते. म्हणून त्याला कळवण्यात एकही सेकंद घालवू नका. दुसऱ्याने रूळ सोडून, कडेकडेने, गाडी येणाऱ्या दिशेला पळावं, कारण धडकेत उडणारं लोखंड गाडीच्या पुढच्या दिशेला फेकलं जातं. हातात लाल कापड असेल तर जोरात हलवा. नसेल तर दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ उंच धरा: दिवसा लोको पायलट त्याचा अर्थ ‘थांबा’ असाच घेतो.