तीन सेलची बॅटरी आणि परग्रहावरची शस्त्रं

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी लाइट गेली की आजोबा आतून हाक मारायचे, "बॅटरी आण रे!" बॅटरी म्हणजे टॉर्च. चकचकीत पत्र्याची लांब नळी, पुढे वाटीसारखा आरसा, पोटात तीन मोठे सेल. ती हाती लागली की मी आणि माझा चुलतभाऊ आधी अंधाऱ्या जिन्यात एकमेकांवर उजेडाचे वार करून घ्यायचो, मग ती आजोबांकडे पोचायची. 'स्टार वॉर्स' या अंतराळातल्या सिनेमाची झिजलेली कॅसेट आम्ही शेजाऱ्यांकडे व्हीसीआरवर पाहिली होती, आणि त्यातली प्रकाशाची तलवार म्हणजे आमच्या लेखी ही बॅटरीच होती.

मोठेपणी कळलं की पोरवयातला तो अंदाज फारसा चुकला नव्हता. १९७७च्या 'स्टार वॉर्स'मध्ये नायक ल्यूकच्या हातात जी लाइटसेबरची, म्हणजे त्या प्रकाशाच्या तलवारीची, मूठ दिसते, ती मुळात कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा होती. त्या दांड्याच्या पोटातही असेच तीन मोठे सेल बसायचे.

असल्या वस्तू जमवणारी, त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती घडवणारी मुलं हल्ली बडोद्यात मला भेटतात. त्यांच्या घरी एक प्रश्न ठरलेला असतो: "एवढा घोडा झालास, आता खेळण्यातल्या बंदुका कशाला?" त्या आईवडिलांना सांगावंसं वाटतं की या वस्तूंना मोठा इतिहास आहे. त्यातला बराचसा खऱ्या कारखान्यांचा, खऱ्या युद्धांचा आणि खऱ्या कारागिरांचा आहे, आणि थोडा आपल्या देशाचाही.

सुरुवात मात्र खेळण्यांपासूनच झाली. छऱ्याच्या बंदुका करणाऱ्या अमेरिकेतल्या डेझी कंपनीनं १९३४ साली बक रॉजर्स या चित्रकथेच्या नायकाचं 'एक्सझेड-३१' नावाचं रॉकेट पिस्तूल बाजारात आणलं. ते पत्र्याचं होतं, चाप ओढला की आवाज करायचं, आणि किंमत ५० सेंट. त्या काळच्या पडद्यावरची अंतराळशस्त्रंही याच वळणाची होती. पुढे १९६६ साली 'स्टार ट्रेक' ही मालिका आली. तिच्यातले फेझर (किरणांचं पिस्तूल) आणि कम्युनिकेटर (हातातलं संपर्कयंत्र) वा चांग या शिल्पकारानं स्वतःच्या कार्यशाळेत घडवले. तो कामगार संघटनेचा सदस्य नव्हता, त्यामुळे श्रेयनामावलीत त्याचं नाव आलं नाही. पुढच्या पिढीतले प्रतिकृती करणारे मात्र त्याचं नाव गुरूसारखं घेतात, आणि ते मला योग्य वाटतं.

१९७६ साली लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत 'स्टार वॉर्स'ची तयारी चालू झाली तेव्हा सगळं वळण बदललं. पैसा बेताचा होता, आणि दिग्दर्शक जॉर्ज लुकसला वापरून झिजलेलं, तेलकट, जुनं दिसणारं विश्व हवं होतं. सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चनवर शस्त्रं जमवायची जबाबदारी आली. लाइटसेबर काही केल्या जमेना. लंडनच्या ग्रेट मार्लबरो स्ट्रीटवरच्या फोटोग्राफीच्या दुकानात एका धुळकट खोक्यात त्याला ग्राफ्लेक्स कंपनीच्या फ्लॅशचे दांडे सापडले. अमेरिकेतले वृत्तपत्र छायाचित्रकार आपल्या भल्यामोठ्या स्पीड ग्राफिक कॅमेऱ्याला हा दांडा लावत. ख्रिश्चननं त्यावर काळ्या रबरी पट्ट्या चिकटवल्या, क्लॅम्पमध्ये खिशातल्या कॅल्क्युलेटरची आकडे मोठे दाखवणारी भिंगाची पट्टी बसवली, कमरेला अडकवायला एक कडी लावली, आणि मूठ तयार झाली.

खलनायक व्हेडरच्या तलवारीची मूठ एमपीपी या ब्रिटिश कंपनीच्या फ्लॅशपासून बनली. ल्यूकचा गुरू ओबी-वान याची तर विलक्षणच आहे. तिच्यात पहिल्या महायुद्धातल्या रायफल ग्रेनेडचा भाग आहे, रोल्स-रॉइसच्या डरवेंट जेट इंजिनातला नळीचा तुकडा आहे, ब्राउनिंग मशिनगनच्या तोंडाशी बसणारा बूस्टर आहे, आणि बुडाला आर्मिटेज शँक्सच्या न्हाणीघरातल्या नळाची मूठ. एका वितीच्या वस्तूत युद्ध, विमान आणि मोरी एकत्र आली आहेत, आणि तरी पडद्यावर ती एखाद्या हरवलेल्या संस्कृतीतून आल्यासारखी वाटते. मला या सगळ्या छंदातलं सर्वांत सुंदर काम हेच वाटतं.

पातं चमकवायला सेटवर उजेड परत फेकणारं कापड चढवलेली दांडी मोटरनं फिरवत. ओबी-वानच्या मोटरची वायर बाहीतून आत नेलेली होती. प्रकाशाचा खरा झोत नंतर एकेका फ्रेमवर रंगवला गेला. तो घुंईऽऽ आवाज ध्वनी रचणाऱ्या बेन बर्ट यानं जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळ माइकमध्ये शिरलेली खरखर एकत्र करून बनवला. बंदुकीचा आवाज मिळाला तो रेडिओच्या मनोऱ्याला ताण देणाऱ्या तारेवर हातोडी मारून.

बंदुकांची गोष्ट भारतीय वाचकाला आणखी जवळची आहे. सिनेमांना हत्यारं भाड्यानं देणाऱ्या बॅप्टी या लंडनच्या जुन्या पेढीकडून खऱ्या बंदुका आणल्या गेल्या, कारण नव्या घडवण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं. पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकांच्या हातात दिसते ती ब्रिटिश स्टर्लिंग सबमशिनगन. वर रणगाड्याची जुनी दुर्बीण, बाजूला एक छोटा आकडेमोजणी यंत्राचा डबा, नळीवर त्याच रबरी पट्ट्या. हीच स्टर्लिंग आपल्याकडे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत 'कार्बाईन' म्हणून बनली. बंदोबस्ताच्या पोलिसाच्या खांद्यावर, डाव्या अंगाला आडवं मॅगझिन असलेली ती काळी बंदूक आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. दूरच्या आकाशगंगेतलं हत्यार रथयात्रेच्या बंदोबस्तात आपल्या शेजारून गेलेलं असतं, फक्त लक्षात येत नाही.

त्याच सिनेमातल्या हान सोलोचं पिस्तूल म्हणजे जर्मन माउझर सी-९६, वर हेन्सोल्ट कंपनीची दुर्बीण आणि पुढे जर्मन विमानातल्या मशिनगनचं तोंड. माउझर म्हटलं की आपल्याला सिनेमाच्या आधी वेगळंच आठवायला हवं. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कोलकात्यात क्रांतिकारकांनी शस्त्रं विकणाऱ्या रॉडा कंपनीच्या मालातून ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं पळवली. १९१५ साली बालासोरला बाघा जतीन आणि त्यांचे साथीदार माउझर घेऊनच पोलिसांशी लढले. काकोरीला ९ ऑगस्ट १९२५ रोजी गाडी थांबवणाऱ्यांकडेही माउझर होती. बडोद्यात, जिथं अरविंद घोष १८९३ ते १९०६ या काळात राहिले, तिथं बसून या पिस्तुलाची प्रतिकृती करणाऱ्या मुलाला हा इतिहास माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. माझ्याकडे कुणी माउझरचं ड्रॉइंग मागायला आलं, तर मी आधी रॉडाची गोष्ट सांगतो, ड्रॉइंग मग देतो.

भाड्याची बंदूक परत करताना वर चिकटवलेले भाग काढले जात. त्यामुळे मूळ वस्तू विखुरल्या, आणि प्रेक्षकांकडे उरली फक्त पडद्यावरची चित्रं. छंदाचा खरा जन्म इथं झाला. एकेक फ्रेम थांबवून, छायाचित्रं भिंगाखाली धरून लोक ओळखू लागले की ही कडी कशाची, हा स्क्रू कोणत्या यंत्रातला. नळाची मूठ, कॅल्क्युलेटरचं भिंग, जेट इंजिनाची नळी हे सगळं हळूहळू, कित्येक वर्षांत उकललं. हे काम मला ताम्रपट वाचणाऱ्यांच्या कामासारखं वाटतं. यातून एक वाईट गोष्टही झाली. ग्राफ्लेक्सचे जुने दांडे संग्राहकांनी इतके उचलले की जुन्या कॅमेऱ्यांवर प्रेम करणाऱ्यांना ते परवडेनासे झाले. चालू अवस्थेतला फ्लॅश फोडून त्याची मूठ करणं मला पटत नाही. प्रतिकृती करायचीच तर नवी नळी कातावी, जुन्या यंत्राला हात लावू नये.

नंतरच्या सिनेमांनी हीच रीत उचलली. १९८२च्या 'ब्लेड रनर'मधलं नायक डेकार्डचं पिस्तूल स्टायर-मॅन्लिकर रायफलचा खटका आणि चार्टर आर्म्सचं बुलडॉग रिव्हॉल्व्हर जोडून बनलं होतं. संग्राहकांनी वर्षानुवर्षं फक्त पडद्यावरून त्याच्या प्रती केल्या. २००६ साली मूळ पिस्तूल एका जागतिक विज्ञानकथा संमेलनात समोर आलं, तेव्हा आपण कुठं चुकलो हे त्यांना पहिल्यांदा पाहता आलं. २००९ साली ते २ लाख ७० हजार डॉलरला गेलं. १९८६च्या 'एलियन्स'मधली पल्स रायफल म्हणजे थॉम्पसन सबमशिनगनला रेमिंग्टन शॉटगन आणि दुसऱ्या एका शॉटगनचं आवरण जोडून वर नवं कवच. २०२२ साली हान सोलोचं एक माउझर अमेरिकेत १० लाख ५७ हजार ५०० डॉलरला विकलं गेलं. असे आकडे मी मुलांना मुद्दाम सांगत नाही. आकडा ऐकला की घडवण्याची हौस मागे पडते आणि विकण्याचा विचार पुढे येतो.

प्रती करण्याचा हक्क कुणाला, हा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 'स्टार वॉर्स'मधल्या त्या पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकांची शिरस्त्राणं १९७६ साली प्लास्टिकच्या पत्र्यातून ओढून काढणारे अँड्र्यू एन्सवर्थ यांनी पुढे ती स्वतः विकायला सुरुवात केली. २७ जुलै २०११ रोजी न्यायालयानं ठरवलं की हे शिरस्त्राण शिल्प नाही, सिनेमात उपयोगाला येणारी वस्तू आहे. शिल्पाला मिळणारं दीर्घ संरक्षण तिला मिळणार नाही, आणि वस्तूच्या आकाराला मिळणारं संरक्षण संपून गेलेलं आहे. शिल्प कुठं संपतं आणि उपयोगाची वस्तू कुठं सुरू होते, हा प्रश्न मात्र निकालानंतरही माझ्या मनातून गेला नाही.

बडोद्याला तर तो जुनाच आहे. खंडेराव महाराजांनी चांदीच्या तोफा ओतवल्या, त्यांना मागे टाकायला मल्हारराव महाराजांनी सोन्याच्या. धातूची, गाड्यावर चढवलेली, तोफेच्या सर्व अंगांनी पूर्ण, आणि तरी पाहण्यासाठी घडवलेली. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन सुरू केलं. दादासाहेब फाळके तिथं चित्रकला, छायाचित्रण आणि साच्याचं काम शिकले. १९१३ साली पडद्यावर आलेल्या आपल्या पहिल्या चित्रपटामागचा हात याच गावात तयार झाला होता. आज त्या आवारात विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे, आणि सिलिकॉनचा साचा काढून त्यात रेझिन ओतणारी जी दोन मुलं मला भेटली, ती तिथलीच. प्रतीवरून प्रत काढली की ती दरवेळी थोडी आकसते, हे गणपतीच्या कारखान्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. दुसऱ्यानं कष्टानं घडवलेल्या प्रतीवरून न विचारता साचा काढू नये, हा या छंदातला अलिखित नियमही त्याला लगेच पटतो.

थ्रीडी प्रिंटरनं ही वाट रुंद केली. स्कॉट क्रंप यांचं प्लास्टिकचा धागा वितळवून थर रचण्याचं पेटंट २००९ साली संपलं. इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात २००५ पासून चालू असलेल्या रेपरॅप प्रकल्पानं स्वस्त यंत्राचा आराखडा आधीच सगळ्यांसाठी खुला केला होता. आता महिन्याच्या पगारात यंत्र घरी येतं. वस्तू छान निघते, पण हलकी निघते. पाडव्याला साखरेच्या गाठीऐवजी प्लास्टिकची गाठी दिली तर जसं वाटेल, तसं मला ती हातात घेतल्यावर वाटतं.

एक गोष्ट आईवडिलांनाही सांगायला हवी. शस्त्र कायदा १९५९चं कलम ६ नकली बंदुकीचं खऱ्या बंदुकीत रूपांतर करायला परवान्याशिवाय मनाई करतं. प्रतिकृती भरीव असावी, नळी आरपार नसावी, आणि ती उघड्यावर मिरवत रस्त्यानं नेऊ नये. परदेशातून मागवलेलं माझं एक पार्सल वाटेत उघडून, आतला भाग वाकवून माझ्याकडे पोचलं होतं. तेव्हा ठरवलं की आता इथंच घडवायचं.

मी ड्राफ्ट्समन आहे, तेव्हा ड्रॉइंग मीच काढलं. फोटोंवरून ग्राफ्लेक्सची मूठ मोजली, मिलिमीटरचा दशांशही सोडला नाही, आणि मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, एका टर्नरकाकांकडे कागद घेऊन गेलो. सिनेमाचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं आणि मीही काही सांगितलं नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी व्यासाचा आकडा पाहिला, लांबी पाहिली, मग विचारलं, "यात सेल कुठून घालायचे?"

मी बाहेरून दिसतं तेवढंच काढलं होतं. कागद परत घेतला, घरी येऊन नळी मध्ये उघडेल असं ड्रॉइंग पुन्हा काढलं. पुढच्या आठवड्यात ती तयार झाली तेव्हा काकांनी आधी खणातून तीन मोठे सेल काढले, एकामागोमाग एक आत सोडले, नळी बंद करून कानाशी हलवून पाहिली आणि मग माझ्या हातात दिली.