आत्याची परडी आणि गोकर्णीच्या शेंगा

इंदूरला रामबागेत आत्याच्या गच्चीवर गोकर्णीचे दोन वेल आहेत. एक जिन्यापाशी, हाताला येणारा. दुसरा पाण्याच्या टाकीवर चढलेला. माती तीच, पाणी तेच. जिन्यापाशी रोज परडी भरते. टाकीवरच्या वेलाला शेंगा मात्र लगडलेल्या आणि फुलं मोजून चार. आत्या म्हणते, "देवाला वाहिलं की देव देतो." निरीक्षण बिनचूक आहे. कारण तेवढं वेलाच्या पोटात आहे.

वेलाला फुलाचं कौतुक नाही, त्याला बी हवं. गोकर्णीत बरंचसं परागण कळी उमलायच्या आतच उरकलेलं असतं, त्यामुळे फूल वेलावर राहिलं की शेंग जवळजवळ ठरलेली. शेंग भरू लागली की पानांनी केलेली साखर तिकडे वळते. शिवाय वाढत्या बियांतून ऑक्सिनसारखी संप्रेरकं पाझरतात आणि नव्या कळ्यांना थोपवतात. मोहरीच्या कुळातलं अरॅबिडॉप्सिस हे प्रयोगशाळांचं लाडकं रोप. त्याच्या बी न धरणाऱ्या वाणांना नेहमीपेक्षा जास्त काळ फुलं येत राहतात. आत्या रोज पहाटे फूल देठासकट खुडते, म्हणजे वेलाला बी धरूच देत नाही.

खुडायचं ते देठासकटच. बरेच जण गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्या तेवढ्या ओढून काढतात आणि खालचा हिरवा गोळा तसाच ठेवतात. बी तर त्या गोळ्यात धरतं! गुलाब कापताना पाच पर्णिका, म्हणजे एकाच देठावरची छोटी पानं, असलेल्या पहिल्या पानापर्यंत खाली यावं, कात्री त्याच्या जरा वर चालवावी. तिथली फांदी जाड असते, आणि खालच्या डोळ्यांना दाबून ठेवणाऱ्या शेंड्याचा धाक गेला की पानाच्या बगलेतला डोळा फुटतो. माळव्यातल्या थंडीत साधारण दीड-दोन महिन्यांत त्यावर फूल दिसतं.

जास्वंदीची फुलं बहुधा आपणहून गळतात, सदाफुलीलाही कात्रीची फारशी गरज नसते. शेवंतीची गोष्ट निराळी: रात्री मोठ्या झाल्या की ती कळ्या धरते. सुकलेली फुलं काढल्यानं मागच्या कळ्या नीट उमलतील, पण बहर उन्हाळ्यापर्यंत लांबणार नाही.

टाकीवरचा वेल आत्यानं मुद्दाम तसाच ठेवलाय. शेंगा तपकिरी होऊन तडकायच्या आत बी काढून ठेवायचं असतं. पावसाळ्याच्या तोंडावर शेजारच्या काकू मागायला येतात.