विमानात दुसरी सीट घ्यायची असेल तर आधी हे वाचा

दिवाळीची आणि मे महिन्याची तिकिटं सुरू झाली की आमच्या नागपुरातल्या बर्डीच्या तिकीट बुकिंग ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुतेक वेळा आवाज खाली आणून विचारतात, नाहीतर स्वतः न येता मुलाला पाठवतात. "बाबा अंगानं भारी आहेत जी, सीटवर मावतील ना? दोन तिकिटं काढावी लागतील काय? वजनावर पैसे घेतात काय?" यात संकोच करण्यासारखं काही नाही. चष्म्याचा नंबर सांगावा तसं सांगावं. उत्तरं मात्र प्रत्येकाला वेगवेगळी तोंडी देण्यापेक्षा एकदा छापून द्यावीत, म्हणून हे पत्रक.

वजनाचं आधी सांगतो. नेहमीच्या प्रवासी विमानात वजनकाट्यावर उभं करून भाडं ठरवत नाहीत. 2013 साली समोआ एअर या छोट्या कंपनीनं किलोच्या हिशोबानं भाडं लावलं होतं. ती बातमी जगभर गाजली आणि तिची धास्ती अजून लोकांच्या मनात आहे. एअर न्यूझीलंडनं 2023 मध्ये प्रवाशांची वजनं घेतली, पण ती विमानावर पडणाऱ्या भाराची सरासरी काढण्यासाठी होती, भाड्याशी त्यांचा संबंध नव्हता. केदारनाथच्या हेलिकॉप्टरची गोष्ट वेगळी. तिथं वजन खरंच पाहतात आणि 80 किलोच्या वर जादा आकार लागतो. चारधामचं बुकिंग करताना आम्ही वजन विचारतो ते यासाठी.

विमानात प्रश्न रुंदीचा असतो. नागपूरहून मुंबई-दिल्लीला जाणारी बरीचशी विमानं एअरबस 320 जातीची आहेत. आतली रुंदी 3.70 मीटर, त्यात मधे गल्ली आणि दोन्हीकडे तीन-तीन सीट. दोन आर्मरेस्टच्या मधे साधारण 18 इंच जागा मिळते. बोइंग 737 आतून 3.54 मीटर, म्हणून तिथं सीट 17 इंचांच्या आसपास. कागदावर एका इंचाचा फरक, पण ज्याच्या मांड्या आधीच आर्मरेस्टला लागतात त्याला तो दीड तास जाणवत राहतो.

आमच्या आतल्या खोलीत एक लाकडी खुर्ची आहे. सुताराकडून मुद्दाम करून घेतली. तिचा एक हात सरकतो, 17 इंचांवर आणि 18 इंचांवर खीळ बसते. दार लावून निवांत बसून पाहा, कोणी आत येत नाही. घरी पाहायचं असेल तर कडक खुर्चीवर पाठ टेकून बसा, दोन्ही बाजूंनी कंबरेखाली, जिथं अंग सगळ्यात रुंद आहे तिथं, एकेक जाडं पुस्तक उभं लावा आणि दोन पुस्तकांमधलं अंतर टेपनं मोजा. पोटाचा घेर मोजून उपयोग नाही. पोटाचा संबंध सीटच्या पट्ट्याशी येतो आणि तो लांब करायचा जादा तुकडा विमानातच मिळतो. आत शिरताना दारातल्या एअर होस्टेसला हळूच "बेल्ट एक्स्टेंडर द्या" म्हणा. पैसे लागत नाहीत. बाहेरून विकत घेतलेला एक्स्टेंडर नेऊ नका, प्रत्येक विमानाचं बक्कल सारखं नसतं आणि कंपन्या तो लावू देत नाहीत.

आता एक्सएल सीटबद्दल. मुलं फोनवर सीटचा नकाशा उघडतात, एक्सएल लिहिलेलं दिसतं, शर्टासारखं वाटतं आणि पैसे भरून टाकतात. ते एक्सएल पायांसाठी आहे. पहिल्या रांगेत समोर सीट नसल्यामुळे जेवणाचा ट्रे आर्मरेस्टच्या पोटात घडी करून ठेवलेला असतो. त्यामुळे आर्मरेस्ट जाड होतो, वर उचलला जात नाही आणि बसायची जागा उलट थोडी कमी होते. इमर्जन्सी दाराजवळच्या रांगेत तर एक्स्टेंडर लावणाऱ्याला साधारणपणे बसूच देत नाहीत, तिथून उठवून दुसरीकडे पाठवतात. जास्तीचे पैसे भरून वर ही पाळी. एका रांगेत तीन-तीन सीट आहेत तोवर नाव कोणतंही दिलेलं असो, रुंदी वाढत नाही. त्यापेक्षा मधली साधी रांग घ्या, जिथं आर्मरेस्ट वर जातो.

पण सगळ्यात जास्त नुकसान ज्या चुकीनं होतं ती दुसरीच आहे. दुसरी सीट घरीच, फोनवरून, दुसऱ्या माणसाच्या नावानं काढणं.

एक काका बंगळुरूला मुलीकडे निघाले होते. मुलानं हुशारीनं दोन तिकिटं काढली, एक काकांच्या आणि एक काकूंच्या नावानं, कारण काकू जाणारच नव्हत्या. शेजारची सीट रिकामी राहील असा विचार. दोघांचं वेब चेक-इनही केलं. गेटवर काकांचा एकच बोर्डिंग पास स्कॅन झाला. मग काकूंच्या नावाचा पुकारा सुरू झाला, एकदा, दोनदा, तीनदा. काका बसलेल्या जागेवरून हात वर करून सांगत होते, "त्या नाही येणार, ती सीट माझीच आहे." कर्मचाऱ्याच्या यादीत मात्र एक प्रवासी आलाच नाही एवढंच दिसत होतं. दार बंद व्हायच्या आधी मागच्या रांगेतल्या एकाला तिथं आणून बसवलं. काका पूर्ण प्रवासभर अंग चोरून बसले. दुसऱ्या तिकिटाचं भाडं बुडालं, परत आले ते फक्त विमानतळाचे शुल्क आणि कर. मुलगा आमच्याकडे आला तेव्हा आमच्याही हाती काही उरलं नव्हतं.

कर्मचाऱ्यांचाही दोष म्हणता येत नाही. न आलेल्या प्रवाशाची सीट ही त्यांच्या दृष्टीनं मोकळी सीट. काही जण स्वतःच्याच नावानं दोनदा तिकीट काढतात, तेही धोक्याचं. एकाच विमानात तेच नाव दोनदा दिसलं की सिस्टीम डुप्लिकेट समजू शकते. आणि दोन तिकिटं दोन पीएनआरवर असतील तर आयत्या वेळी विमान बदललं की एक सीट 9 व्या रांगेत आणि दुसरी 22 व्या रांगेत जाऊन पडते.

बरोबर पद्धत अशी: एकच पीएनआर, एकच प्रवासी आणि त्याच्याच नावाला जोडलेली जादा सीट. त्यासाठी कंपन्यांकडे ईएक्सएसटी असा कोड असतो. तो लागला की दुसऱ्या सीटवर कोणी येणार नाही हे यादीतच दिसतं, पुकारा होत नाही. इंडिगोसारख्या कंपनीनं एका माणसाला दोन सीट घेण्याची सोय दिलेली आहे, पण प्रत्येक कंपनीचा दर आणि रीत वेगळी. म्हणूनच आम्ही अशा तिकिटाला एक दिवस मागतो. "फोनवर तर दोन मिनिटांत निघतं, तुम्हाला दिवस कशाला?" असं ऐकावं लागतं. त्या दिवसात आम्ही कंपनीशी बोलून कोड लावून घेतो, दोन्ही सीट शेजारी आहेत आणि मधला आर्मरेस्ट उचलतो हे पाहतो, आणि ते लेखी आल्यावरच तिकीट तुमच्या हातात देतो. सर्व्हिस चार्ज एकाच तिकिटाचा घेतो, दोन सीटचा नाही.

जादा सीट तिकिटासोबतच घ्या. विमान भरत जातं तसं भाडं चढतं आणि नंतर शेजारची सीट शिल्लक असेलच असं नाही. ज्यांचं माप काठावर आहे, त्यांना आम्ही दुसरी सीट घ्या असा आग्रह करत नाही. त्यांनी काउंटरवर लवकर पोचून, मधली सीट रिकामी असेल तर तिच्या शेजारी द्या, अशी विनंती करावी. विमान भरलेलं नसेल तर बहुतेक वेळा ऐकतात. मुंबईसाठी तर दुरांतोही सुचवतो. रात्री बर्थवर आडवं व्हायचं आणि सकाळी उतरायचं.

परदेशी जाणाऱ्यांनी नीट लक्ष द्यावं, कारण प्रत्येक देशाचं वेगळं आहे. कॅनडात 2008 च्या निकालानंतर देशांतर्गत विमानात, लठ्ठपणामुळे ज्याला अपंगत्व आहे अशा माणसाकडून दुसऱ्या सीटचे पैसे घेता येत नाहीत. पण तो नियम टोरंटो ते व्हँकुव्हर चालेल, भारतातून टोरंटोला नाही. अमेरिकेत साउथवेस्ट कंपनी पूर्वी जादा सीटचे पैसे सहज परत करायची. 27 जानेवारी 2026 पासून सीट आधीच घ्यावी लागते आणि विमानात किमान एक जागा रिकामी गेली तरच परतावा मिळतो. तिकडच्या मुलांचा जुना अनुभव इथं धरून चालू नका. भारतात कॅनडासारखा नियम नाही.

नागपूरहून दोहामार्गे पुढे जाणार असाल तर जादा सीट सगळ्या टप्प्यांवर लागली आहे का ते पाहावं लागतं. पुढचा टप्पा दुसऱ्या कंपनीचा असेल तर त्या कंपनीचाही होकार वेगळा घ्यावा लागतो. हे काम वेळ खातं, निघायच्या किमान पंधरा दिवस आधी या.

येताना आधार किंवा पासपोर्ट आणा, मोजलेलं माप सांगा आणि गुडघ्याचा त्रास असेल तर तोही सांगा, म्हणजे गल्लीकडची सीट धरता येईल. तिकीट दुसरीकडून काढून झालं असेल तरी या. पीएनआर दाखवलात तर जादा सीट जोडता येते का ते आम्ही पाहून सांगू, त्याचे पैसे घेत नाही.