शोध-क्लस्टरच्या अपग्रेडमधील सेटिंग-बदल

शोध-क्लस्टरच्या अपग्रेडमधील सेटिंग-बदल : अनेक यंत्रांवर विभागून चालणाऱ्या शोधयंत्राची (उदा., इलास्टिकसर्च, ओपनसर्च) आवृत्ती वाढवताना काही सेटिंग्जची नावे बदलतात, काहींची डीफॉल्ट मूल्ये बदलतात, काही कायमच्या जातात. ते आधी हुडकून कॉन्फिग त्याप्रमाणे दुरुस्त करणे, हे अपग्रेडमधले सर्वांत वेळखाऊ काम. हिंजवडी-खराडीच्या टीममध्ये याला नुसते ‘कॉन्फिग बघून घे’ एवढेच म्हटले जाते, आणि बहुधा ते सर्वांत नव्या माणसाच्या गळ्यात पडते. खरे तर ते सर्वांत जुन्या माणसाचे काम आहे, कारण एखादी ओळ फाइलमध्ये का आली हे त्यालाच आठवत असते.

सेटिंग्ज दोन ठिकाणी असतात. पहिली जागा प्रत्येक नोडवरची (क्लस्टरमधल्या प्रत्येक यंत्रावरची) वायएमएल फाइल, दुसरी क्लस्टरच्या स्वतःच्या नोंदींत साठवलेली ‘पर्सिस्टंट’ मूल्ये. फाइलमध्ये अनोळखी ओळ सापडली तर नोड उठतच नाही. क्लस्टरमध्ये साठवलेली अनोळखी सेटिंग मात्र ‘आर्काइव्ह्ड’ असा उपसर्ग लावून बाजूला ठेवली जाते. म्हणजे ती दिसते, पण तिचा परिणाम होत नाही.

ही शिस्त सुरुवातीपासूनची नाही. ल्युसीन या शोध-लायब्ररीवर उभारलेले इलास्टिकसर्च शाय बॅनन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केले तेव्हा त्याचा स्वभाव फारच मोकळा होता. पहिल्या पिढीत नोड नेटवर्कवर हाक मारून एकमेकांना शोधत आणि क्लस्टरचे नाव सगळीकडे एकच असे. एका वाय-फायवरच्या दोन डेव्हलपरांचे लॅपटॉप न विचारता एका क्लस्टरमध्ये येत आणि एकाचा चाचणी डेटा दुसऱ्याच्या डिस्कवर जाऊन बसे. २.० पासून (२०१५) नोड फक्त स्वतःच्या यंत्रापुरता ऐकू लागला, त्यामुळे अपग्रेडनंतर ‘नोड चालू आहे पण बाहेरून लागत नाही’ ही तक्रार सुरू झाली. २०१६ च्या ५.० ने तर दारच लावून घेतले. फाइलमधले स्पेलिंग चुकले तरी नोड थांबतो. इंडेक्सची (शोधायच्या मजकुराच्या संचाची) सेटिंग्ज फाइलमध्ये लिहिता येत नाहीत. हीपचा (जावाला दिलेल्या मेमरीचा) आकार एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलऐवजी जेव्हीएमच्या (जावा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) वेगळ्या फाइलमध्ये द्यावा लागतो. नोड नेटवर्कवर उघडा असेल तर लिनक्सच्या मेमरी-मॅपची मर्यादा किमान २,६२,१४४ आहे की नाही तेही सुरू होतानाच तपासले जाते.

या कडकपणाला लोकांनी शिव्या दिल्या. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या अस्थानी होत्या. न उठणारा नोड लॉगमध्ये कारण सांगून पडतो. घात करते ती चकार शब्द न काढता बदललेली सेटिंग. ‘मिनिमम मास्टर नोड्स’ हे याचे ठळक उदाहरण. मास्टर म्हणजे क्लस्टरचा कारभार पाहणारा नोड. मास्टर होऊ शकणारे तीन नोड असतील तर तिथे २ लिहायचे, म्हणजे नेटवर्क तुटले तरी दोन तुकडे दोन वेगळे मास्टर निवडून बसत नाहीत. डीफॉल्ट १ होते आणि अनेकांनी ते तसेच ठेवले. ७.० मध्ये (२०१९) हा हिशोब क्लस्टर स्वतःच करू लागला. जुनी ओळ चालते, पण तिच्याकडे कोणी पाहत नाही. ८.० मध्ये तीच ओळ राहिली तर नोड उठत नाही.

तिच्या जागी आलेली ‘इनिशिअल मास्टर नोड्स’ ही यादी क्लस्टर पहिल्यांदा जन्माला येताना लागते. सगळे नोड बंद करून ६ वरून ७ वर जाताना ती द्यावी लागते, एकेक नोड बदलत गेल्यास नाही. त्यातली नावे नोडच्या नावांशी अक्षरशः जुळावी लागतात. होस्टनेमला एका ठिकाणी डोमेनचे शेपूट आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून रात्र जाते. क्लस्टर उभा राहिला की यादी काढून टाकायची असते, आणि ती काढायचीच विसरली जाते.

७.० मध्येच नव्या इंडेक्सचे डीफॉल्ट शार्ड (इंडेक्सचे तुकडे) ५ वरून १ झाले. ७.९ मध्ये नोडच्या भूमिका एका यादीत लिहायची पद्धत आली. जुन्या हो-नाहीच्या ओळींचे भाषांतर करताना ‘इन्जेस्ट’ (मजकूर साठवण्याआधी त्यावर प्रक्रिया करणे) लिहायचे राहिले की नोड त्या कामातून बाद. ८.० पासून (२०२२) सुरक्षा आपोआप चालू असते. ज्यांनी ती कधी लावली नव्हती त्यांना एकतर ती नीट बसवावी लागते, नाहीतर नको म्हणून स्पष्ट लिहावे लागते.

८.० चा आणखी एक बदल छोटा वाटतो : वाइल्डकार्ड (नावातली ‘*’ खूण) देऊन इंडेक्स पुसायला डीफॉल्ट मनाई. पुण्यातल्या एका टीममध्ये जुने लॉग पुसणारी स्क्रिप्ट रोज मध्यरात्री असेच तारांकित नाव द्यायची. अपग्रेडनंतर तिला रोज नकार मिळत होता आणि तिचे आउटपुट कुणी वाचत नव्हते. क्लस्टर ग्रीन (म्हणजे सगळे शार्ड जागेवर), सगळे खूश. काही आठवड्यांनी डिस्क ९५ टक्क्यांवर गेली, इंडेक्स रीड-ओन्ली झाले, नव्या ऑर्डरी शोधात दिसेनाशा झाल्या. कारणाचा शोध सुरू झाला तो डिस्कपासून. सेटिंगपर्यंत पोचायला संध्याकाळ झाली.

२०२१ मध्ये इलास्टिकसर्चचा परवाना बदलल्यावर ७.१०.२ वरून ओपनसर्च वेगळे निघाले. तिकडे जाणाऱ्यांना नावांची आणखी एक पलटण भेटते : सेटिंग्जच्या नावांत ओपनडिस्ट्रोच्या (ओपनसर्चच्या आधीच्या वितरणाच्या) जागी प्लगिन्स, आणि २.० पासून मास्टरच्या जागी क्लस्टर मॅनेजर.

मराठी मजकूर शोधणाऱ्यांसाठी एक जादा खोच आहे. इलास्टिकसर्चमध्ये हिंदी आणि बंगालीचे विश्लेषक (शब्दांची रूपे ओळखून जुळवणारे भाग) तयार मिळतात, मराठीचा नाही. त्यामुळे ‘पुणे’ शोधणाऱ्याला ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’ सापडावे म्हणून आयसीयू प्लगिन (युनिकोड मजकूर हाताळणारी जोडणी) आणि हाताने लिहिलेल्या समानार्थी शब्दांच्या फाइली लागतात. प्लगिनची आवृत्ती शोधयंत्राच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळली नाही तर नोड सुरू होत नाही. शब्दांची फाइल प्रत्येक नोडच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये असावी लागते. नव्या यंत्रावर ती नेमकी ठेवायची राहते.

अमेरिकन ग्राहकांची कामे करणाऱ्या टीमना अपग्रेडसाठी शनिवारी रात्री दहाची न्यूयॉर्कची वेळ मिळते, म्हणजे उन्हाळ्यात पुण्यात रविवारी सकाळचे साडेसात. डेप्रिकेशन लॉग (पुढे जाणाऱ्या सेटिंग्जचे इशारे) आठवडाभर आधीच वाचलेला असतो. शार्डची हलवाहलव ‘प्रायमरीज’वर (फक्त मूळ शार्डपुरती, प्रती सोडून) रोखायची, एक नोड उतरवायचा, बदलायचा, उठवायचा, रोखलेली सेटिंग मोकळी करायची, ग्रीनची वाट पाहायची आणि पुढचा घ्यायचा. डेटा नोड आधी, मास्टर शेवटी. क्लस्टर बराच वेळ यलोच (काही प्रती जागेवर नाहीत) राहिला तर सगळे लॉग उघडतात. बहुतेकदा ‘प्रायमरीज’ तसेच राहिलेले असते.