लॅक्युना : निखळलेल्या जागेचा इतिहास

'लॅक्युना' हा शब्द हस्तलिखितांच्या संपादनात, शरीररचनेच्या पुस्तकात आणि कायद्याच्या चर्चेत भेटतो. तिन्हीकडे त्याचा चेहरा वेगळा. मुळात तो पाण्याचा शब्द आहे. लॅटिनमध्ये 'लाकुस' म्हणजे तळं आणि 'लाकूना' म्हणजे डबकं, खळगा. समुद्रकिनाऱ्यालगतच्या उथळ पाण्याला 'लगून' म्हणतात, तेही याच घराण्यातलं. शनीच्या टायटन या चंद्रावर कोरड्या तळ्यांसारखे दिसणारे खोलगट भाग आहेत. त्यांना खगोलशास्त्रज्ञांनी अधिकृत नाव दिलंय ते हेच. खड्ड्यावरून उणिवेकडे अर्थ सरकला तोही रोमन काळातच. रोमन वक्ता सिसेरो याने एखाद्याच्या मालमत्तेत पडलेल्या तुटीसाठी हा शब्द वापरला आहे.

सतराव्या शतकापासून युरोपातल्या विद्वानांच्या लिखाणात तो जुन्या पोथ्यांतल्या गळालेल्या मजकुरासाठी रुळला. गळतीची कारणं साधी असतात. वाळवी, ओल, आग, तुटलेला दोरा, किंवा नक्कल करताना एका ओळीवरून सुटून भलत्याच ओळीवर गेलेली नजर. नुकसान मात्र कधी कधी प्रचंड होतं. टॅसिटस या रोमन इतिहासकाराच्या इतिहासाचे सातवे ते दहावे खंड नाहीसे झाले, आणि त्यांच्याबरोबर सम्राट कॅलिग्युलाच्या कारकिर्दीची त्याने सांगितलेली हकिकत सगळीच गेली.

आइसलँडमधल्या 'कोडेक्स रेगियस' या तेराव्या शतकातल्या हस्तलिखिताची गोष्ट मला फार बोलकी वाटते. जुन्या नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या प्राचीन भाषेतल्या, कवितांचा हा सर्वांत मोलाचा संग्रह. त्यात बत्तिसाव्या पानानंतर एकदम आठ पानं नाहीत. आठच का? चामड्याचे चार ताव मधोमध दुमडले की आठ पानांची एक जुडी होते, आणि अशा जुड्या एकीला एक शिवून पोथी बांधतात. इथे एक आख्खी जुडी निसटली. सिगुर्द या वीराची कथा ऐन मध्यावर तुटते ती त्यामुळे. त्या पानांत साधारण काय असावं, हे आपल्याला 'वोल्सुंग' घराण्याच्या गद्य कथेवरून कळतं, कारण तिच्या लेखकासमोर त्या कविता होत्या. कथानक सापडलं, पण कवितेच्या ओळी जवळपास सगळ्याच गेल्या.

अशा जागी संपादकाने काय करायचं, हा खरा वादाचा मुद्दा. पूर्वी पुष्कळ संपादक आपल्या अंदाजाने मजकूर भरत आणि तो कुठून कुठपर्यंत आपला, हे वाचकाला नीट कळतही नसे. दर विद्वानाच्या खुणा वेगळ्या. अखेर 1931 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे भरलेल्या बैठकीत ग्रीक व लॅटिन शिलालेख आणि पपायरस (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरची हस्तलिखितं) यांच्या संपादनासाठी एकसारखे संकेत ठरले. झिजून किंवा फाटून गेलेला आणि संपादकाने अंदाजाने भरलेला भाग चौकटी कंसात. भरता येत नसेल, पण किती अक्षरं गेली हे मोजता येत असेल, तर त्या कंसात तितकेच ठिपके. लांबीच कळत नसेल तर आडव्या रेघा. अर्धवट दिसणाऱ्या, शंका असलेल्या अक्षराखाली एक ठिपका. मूळ लेखनिकाच्याच हातून सुटलेलं अक्षर घालायचं असेल तर टोकदार कंस. पान वाचताना हे कंस टोचतात, मान्य. पण दगडावर काय होतं आणि संपादकाच्या डोक्यातून काय आलं, हे वाचकाला त्यांच्यामुळेच दिसतं. पोथ्यांच्या अभ्यासात याहून प्रामाणिक गोष्ट मला ठाऊक नाही.

शरीरशास्त्रात या शब्दाला उणिवेचा वासही नाही. हाड घडवणाऱ्या पेशींपैकी काही स्वतःच घडवलेल्या हाडात अडकून पडतात. त्या जिथे राहतात त्या इवल्या पोकळीला लॅक्युना म्हणतात. वाळलेल्या हाडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की त्या काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात, कारण पेशी गेलेली असते आणि आत फक्त हवा असते.

कायद्यात लॅक्युना म्हणजे समोर आलेल्या प्रश्नावर कायदा गप्प असणं. फ्रान्सच्या 1804 च्या दिवाणी संहितेने इथे न्यायाधीशाला पळवाट ठेवली नाही. कायदा मूक, अस्पष्ट किंवा अपुरा आहे असं म्हणून निवाडा नाकारला, तर न्याय नाकारल्याबद्दल त्याच्यावरच खटला होऊ शकतो. स्वित्झर्लंडच्या 1907 च्या संहितेने पुढची वाट दाखवली : कायद्यात तरतूद नसेल तर रूढी पाहा, तीही नसेल तर आपण कायदा करणारे असतो तर जो नियम केला असता, त्यानुसार निकाल द्या. न्यायाधीशाला असा चौकटी कंस मिळत नाही. त्याने भरलेली जागा निकालातच मिसळून जाते, म्हणून तिथे कारणमीमांसा सविस्तर लिहिली जाणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

चित्रांच्या जतनात हाच पेच रंगांनी सोडवला गेला. रोममध्ये 1939 साली स्थापन झालेल्या जतनसंस्थेत चेझारे ब्रांदी यांच्या मार्गदर्शनाखाली एक पद्धत विकसित झाली. रंग उडालेल्या जागी जलरंगाच्या बारीक उभ्या रेघा ओढायच्या. लांबून चित्र सलग दिसतं. जवळ गेलं की रेघा सुट्या होतात आणि जुनं कुठे संपतं ते कळतं. शिवाय जलरंग असल्याने उद्या कुणाला अधिक माहिती मिळाली तर ते पुसून मूळ पृष्ठभाग पुन्हा मोकळा करता येतो.