बोबेअर्स बेट: एक जागा, दोन वेगळे इतिहास

कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात मिरामिशी नदीच्या वायव्य आणि नैऋत्य शाखा एकत्र येतात, तिथे बोबेअर्स बेट आहे. एवढ्याशा या बेटावर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळं दोन. जाणारे बहुतेक जण त्यांची गल्लत करतात आणि अकेडियन लोक इथे जहाजं बांधायचे, असं समजून परततात. तसं नव्हतं.

पहिलं स्थळ ब्वाझेबेर. अकेडियन म्हणजे या किनारपट्टीवर पिढ्यान् पिढ्या शेती करणारी फ्रेंचभाषक कुटुंबं. 1755 पासून ब्रिटिशांनी त्यांना घरादारातून हुसकावून जहाजांत कोंबलं. जे निसटले त्यांतल्या अनेकांना ब्वाझेबेर या फ्रेंच अधिकाऱ्याने मिरामिशीच्या काठी आणलं. बेटाला नावही त्याचंच. छावणीला म्हणत कॅम्प देस्पेरांस, आशेची छावणी. पण 1756-57 च्या हिवाळ्यात धान्य संपलं. लोकांनी बैलांची कातडी खाऊन दिवस काढले. भुकेने आणि रोगराईने शेकडो माणसं गेली. मला विचाराल तर बेटावर पाऊल ठेवण्याआधी एवढं तरी माहीत असायलाच हवं. या स्थळात समोरचा विल्सन्स पॉइंटही येतो, तोही पाहा.

दुसरं स्थळ जहाजबांधणीचं. ती गोष्ट सुरू होते त्यानंतर काही दशकांनी, आणि तिच्यातली माणसंही निराळी. जेम्स फ्रेझर आणि जेम्स थॉम हे स्कॉटिश व्यापारी इथे आले ते लाकडासाठी. आजूबाजूला उंच, सरळसोट पांढऱ्या पाइनचं जंगल, खाली समुद्राला मिळणारी नदी. इथे जहाज बांधायचं, त्यात लाकूड भरायचं आणि ते ब्रिटनला धाडायचं, असा तो धंदा. पुढे जोसेफ रसेलने हा जहाजबांधणीचा कारखाना चालवला. तो मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथात गेला आणि अखेरीस अमेरिकेतल्या उटाहला जाऊन स्थायिक झाला.

थोडक्यात, 1750 च्या दशकातलं, उपासमारीचं काही ऐकलंत तर ते अकेडियनांचं. पाइन, शिडं आणि व्यापाराचं ऐकलंत तर ते एकोणिसाव्या शतकातल्या कारखान्याचं.

बेटावर होडीने जावं लागतं. झाडी दाट आहे, पण कारखान्याची इमारत शोधू नका, आता एकही उभी नाही. जे आहे ते मातीखाली, आणि तेच मोलाचं: लाकडी जहाजबांधणीची इतकी अस्पर्श जागा प्रांतात दुसरी माहीत नाही. म्हणून काठावर गंजका खिळा दिसला तरी तो उचलू नका. तो कुठे पडला होता यावरूनच अभ्यासकांना तिथे काय काम चालायचं हे कळतं.